आधी कडेला, मग भांडण

मोटार शिकवणाऱ्या या मास्तरांचं जगात कुणाशीच पटत नव्हतं, आणि याचा त्यांना चांगला अभिमान होता. सिग्नलशी पटत नव्हतं, रस्ता ओलांडणाऱ्यांशी पटत नव्हतं. स्कूलच्या मालकाशी तर एकतीस वर्षं पटत नव्हतं, आणि तरी रोज सकाळी सातला त्याच्याच हातून गाडीची किल्ली घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वय अठ्ठावन्न. नाकावर माशी बसू द्यायची नाही. शिकाऊ माणूस गाडीत बसला की त्याचा पट्टा लागायच्या आधी मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुरू. माणसं रडत उतरायची. पण परीक्षेला पास व्हायची, हेही खरं आहे. खोटं का बोला!

सगळी शिकवणी ते आपल्या भाषेत करत, शिव्यांसकट. फक्त एक हुकूम इंग्रजीत. पुल ओव्हर. परीक्षा घेणारा साहेब हेच दोन शब्द बोलायचा, म्हणून पहिल्या दिवसापासून कानाला सवय लावायची.

एकदा एका शिकलेल्या बाईंनी विचारलं होतं, "मास्तर, पुल म्हणजे ओढणं, ओव्हर म्हणजे वरून. मग गाडी ओढून कुणाच्या वरून न्यायची?"

"माझ्या डोक्यावरून न्या," मास्तर म्हणाले. "अहो, सुटे सुटे अर्थ काय लावत बसलात? दोन्ही मिळून एकच काम आहे. वाहत्या रस्त्यातून बाजूला व्हायचं, कडेला यायचं आणि थांबायचं. नुसतं स्टॉप म्हटलं तर आहात तिथे ब्रेक, मग मधला रस्ता असला तरी. पार्क म्हटलं तर गाडी लावायची, कुलूप घालायचं, भाजी आणायला जायचं. हे त्यातलं काहीच नाही. यात तुम्ही सीटवरच बसून राहता. अँब्युलन्स मागून आली, पुल ओव्हर. फोन आला, पुल ओव्हर. चक्कर आली, पुल ओव्हर. पोलिसानं शिट्टी मारून तुम्हाला कडेला घेतलं तर घरी जाऊन काय सांगाल? पोलिसानं मला पुल ओव्हर केलं. ते स्वतःहूनही करता येतं आणि दुसऱ्यानं आपल्याला करायला लावलं तरी शब्द तोच. कळलं? आता आरसा, इंडिकेटर, आणि कडेला घ्या."

"पण आत्ता का? कुणीच नाहीये मागे."

बस. हा एक प्रश्न मास्तरांच्या गाडीत चालत नसे. का असं विचारायचं नाही. पुल ओव्हर कानावर पडलं की हात आधी चालले पाहिजेत आणि डोकं नंतर, कारण जिथे खरंच गरज पडते तिथे कारण सांगायला वेळ नसतो. त्यांचा नियम होता: आधी गाडी कडेला, मग भांडण. कडेला आल्यावर खुशाल भांडा, मास्तर तयारच असत. पण चालत्या गाडीत का विचारलं की त्या दिवसाची शिकवणी तिथेच संपली. उतरा आणि चालत जा घरी. कितीतरी माणसं अशी उन्हातान्हात चालत घरी गेली होती.

तर असा हा माणूस. आणि या माणसाचा एक डोळा गेला होता.

म्हणजे कडेकडचा डोळा. मास्तरांची सीट कडेच्या बाजूला, पायाखाली दुसरा ब्रेक, आणि त्यांच्या खिडकीबाहेर फुटपाथ. तोच डोळा. आधी कोपऱ्यात धुरकट झालं, मग कोपरा मोठा झाला, मग समोरचंही जेमतेम दिसायला लागलं. मास्तर गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेली ती नजर परत येणार नाही, ड्रॉप्स टाकून दुसरा डोळा तरी जपा. मास्तरांनी चिठ्ठी फाडली आणि ड्रॉप्सची बाटली दाढीच्या डब्यात लपवली. घरीदारी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

शिकवण्याचं लायसन्स पाच वर्षांनी नवं करावं लागतं, आणि त्यासाठी डोळे तपासतात. ती तपासणी आता अकरा दिवसांवर आली होती. त्यांनी त्याचीही तजवीज केली होती. सरकारी दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता आणि कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या भिंतीवरचा तक्ता एकच. चष्मेवाल्याकडे तीनदा जाऊन, फ्रेमी बघायचं नाटक करून, त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाठ केला. सकाळी दाढी करताना आरशासमोर पुटपुटत.

आणि रोजच्या शिकवणीचं काय? तिथे तर त्यांनी कमालच केली. शिकाऊ माणसानं गाडी कडेला घेतली की मास्तर दरडावून विचारायचे, "किती?" म्हणजे चाक आणि फुटपाथ यांच्यात अंतर किती. माणूस मान लांब करकरून आरशात बघायचा आणि सांगायचा, वीतभर, हातभर. मग मास्तर म्हणायचे, "बरोबर." पण सारखं बरोबर म्हटलं तर संशय येईल, म्हणून दोनदा बरोबर म्हटलं की तिसऱ्याला "चूक!" आणि वर एक शिवी. लोकांना वाटे, काय जबरदस्त नजर आहे मास्तरांची, मान न वळवता ओळखतात! गेल्या दोन महिन्यांत गाडीचा कडेकडचा पत्रा चारदा खरचटला होता. चारी वेळा मास्तरांनी शिकाऊ माणसाचा उद्धार केला होता.

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगायला हवं. एकुलत्या एक मुलीचं लग्न झाल्यापासून घरात ही दोघंच, आणि दोघांत बोलणं कामापुरतं. चहा झालाय. गॅस संपलाय. मुलीचा फोन आला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं हट्ट धरला होता, मलाही गाडी शिकवा. मास्तर कसेबसे तयार झाले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पुल ओव्हर," आणि नव्या नवऱ्याच्या शेजारी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलेल्या त्या पोरीनं हसून विचारलं, "का हो?" मास्तरांनी दुसरा ब्रेक दाबला. "उतर." तिला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. ती सव्वा तास चालत घरी आली. पाचवा महिना होता तेव्हा. त्या दिवसानंतर तिनं गाडी हा शब्दच काढला नाही, आणि मास्तरांना वाटलं, विसरली. पुरुषांना असं वाटतं बरं का, अगदी मनापासून वाटतं.

ती विसरली नव्हती, आणि तिचे दोन्ही डोळे ठणठणीत होते. नवरा न्हाणीघराच्या चौकटीला एकाच खांद्यानं आपटतो, हे तिनं पाहिलं. विचारलं तर म्हणाले, चौकट फुगलीय. चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि फुटला, तर म्हणाले, टेबल हलतं. एक दिवस तिनं मुद्दाम स्टूल त्या बाजूला सरकवून ठेवलं. मास्तर धडपडले आणि स्टुलालाच शिव्या देऊन गेले. तिनं तीन दिवस विचार केला. मग सरळ स्कूलमध्ये जाऊन मालकाकडे रीतसर नाव नोंदवलं.

सकाळी आठच्या शिकवणीला गाडीत बायको येऊन बसलेली पाहिली, तेव्हा मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा काय तमाशा?"

"शिकायला आलेय," ती पट्टा लावत म्हणाली.

"या वयात? सुनांच्या वयाच्या पोरी शिकतात इथे. लोक हसतील."

"तुम्हाला काय, तुम्ही कुणाशी बोलता कुठे? चला. आरसा झाला, पट्टा झाला. आता काय?"

मास्तर मालकाकडे तणतणत गेले. मालक चहा पीत होता. तो म्हणाला, "मास्तर, तुम्हीच सांगता ना, नाव नोंदवलं की शिकाऊ तो शिकाऊ, मग राजा असो नाहीतर रंक?" मालकाला हसू आवरत नव्हतं. मास्तरांनी दार आपटलं आणि येताना त्याच दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतला.

नऊ दिवस शिकवणी झाली. मास्तरांनी तिला जितकं म्हणून टोचता येईल तितकं टोचलं. क्लच सोडतेस की उंदीर सोडतेस. गिअर आहे तो, पोळपाट नाही.  तिनं एकदाही का विचारलं नाही. पुल ओव्हर म्हटलं की आरसा, इंडिकेटर, कडेला, थांबली. सफाई अशी की मास्तरांना मनातल्या मनात राग यायचा, शिवी द्यायला जागाच नाही!

"किती?"

"वीतभर."

"बरोबर."

पुन्हा किती, पुन्हा बरोबर. तिसऱ्याला, "चूक! नीट बघ जरा."

तिनं नीटच बघितलं होतं. वीतभरच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मोजलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. दोन बरोबर, एक चूक. दोन बरोबर, एक चूक. अंतर काहीही असो. रात्री भांडी घासताना तिचे हात थांबले. तिला कळलं, हा माणूस नुसता डोळा लपवत नाहीये, हा रोज सहा लोकांना आंधळेपणानं रस्त्यावर नेतोय. त्या सहांत तीही होती.

दहाव्या दिवशी, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी, मास्तरांनी तिला गोदामांच्या मागच्या रुंद रस्त्यावर नेलं. तिथे सकाळी चिटपाखरू नसतं. आज मास्तर जरा खुशीत होते. तक्ता उलटा विचारला तरी म्हणून दाखवतील इतका पाठ झाला होता.

"पुल ओव्हर."

तिनं आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध.

"किती?"

"वीतभर."

"बरोबर," मास्तर मान न वळवता म्हणाले.

 तिनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मग शांतपणे म्हणाली, "दार उघडा आणि पाय फुटपाथवर ठेवा."

"का?"

"शिकाऊनं का विचारायचं नाही. मास्तरांनी विचारलेलं चालतं वाटतं?"

मास्तरांनी दार उघडलं आणि फुटपाथ जिथे असायला हवा तिथे पाय टाकला. तिथे फुटपाथ नव्हता. पाय खाली गेला आणि डांबराला लागला. त्यांनी दाराला धरलं. मान पूर्ण वळवून चांगल्या डोळ्यानं पाहिलं. फुटपाथ चांगला दहा-बारा फूट पलीकडे होता.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मास्तरांना तेव्हा कळलं. पण हा माणूस मुळात भांडायचा म्हणून जन्माला आलेला. त्यांनी एकदम आवाज चढवला. "माझी परीक्षा घेतेस? माझी? एकतीस वर्षं मी या शहराला गाड्या चालवायला शिकवतोय! उतर! आत्ताच्या आत्ता उतर आणि चालत जा घरी!"

ती उतरली. मास्तर तावातावानं गाडीला वळसा घालून स्टिअरिंगवर जाऊन बसले. ती मात्र घराकडे गेली नाही. तिनंही पुढून वळसा घातला आणि मास्तरांच्या सीटवर बसून दार लावून घेतलं. तिच्या पायाखाली आता दुसरा ब्रेक होता.

"उतर म्हटलं ना!"

"मागे एकदा उतरले. आता नाही उतरत."

मास्तरांनी गाडी अशी काढली की चाकं किंचाळली. गोदामांचा रस्ता संपला, दुकानांचा रस्ता आला, गर्दी आली. मास्तर बोलतच होते. बायकांना रस्त्यावर आणलं की हेच होतं. मालक सामील आहे. सगळं जग सामील आहे. मुलगीसुद्धा. दुसऱ्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं, ट्रक, सिग्नल, पाट्या. दिसत नव्हती ती फक्त कडेची बाजू.

"पुल ओव्हर," बायको म्हणाली.

"का?"

"आधी गाडी कडेला, मग भांडण!"

"तू मला शिकवणार? तू?"

तिनं ब्रेक दाबला. दोन्ही पायांनी, अंगातला सगळा जोर काढून. गाडी आचका देऊन जागच्या जागी बंद पडली. पट्ट्यानं मास्तरांचा श्वास कोंडला. मागून हॉर्नचा एकच गोंगाट उठला.

समोर काहीच नव्हतं. मास्तर ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात बॉनेटच्या कडेच्या कोपऱ्याशी काहीतरी हललं. त्यांनी मान वळवली. वळवली तेव्हा दिसलं. एक प्लंबर, सायकलवर, दांडीला बांधलेला लांब पाइप, खांद्याला हत्यारांची पिशवी. सायकलचं पुढचं चाक आणि गाडीचा पत्रा यांच्यात बोटभर जागा होती. तो एक पाय टेकवून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"आंधळे आहात का हो?" तो ओरडला. "समोर माणूस दिसत नाही? आंधळे आहात का?"

एकतीस वर्षांत हे वाक्य मास्तरांनी हजारो लोकांवर फेकलं होतं. याला उलट काय बोलायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. पण त्यांनी पुन्हा मान वळवून त्या बोटभर जागेकडे बघितलं. प्लंबर गाडीवरचा शिकवणीचा फलक वाचून आणखी काहीतरी बोलला, थुंकला आणि पाइप सावरत निघून गेला. 

"गाडी मध्येच उभी आहे," बायको म्हणाली. "चालू करा. आरसा. इंडिकेटर. आता कडेला या. अजून. अजून. हळू. अजून थोडं. बस."

मास्तरांनी एवढंच केलं, जेवढं तिनं सांगितलं.

"किती?" त्यांनी विचारलं. 

"वीतभर. आणि यावेळी खरंच वीतभर."

त्यांनी दार उघडून पाहिलं नाही. तिनं खिडकी वर केली आणि म्हणाली, "आता कडेला आलोत. आता भांडते." आणि भांडली. तीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं. पाचव्या महिन्यात सव्वा तास चालताना दोनदा फुटपाथवर बसावं लागलं होतं, ते सांगितलं. एक बाई पाणी द्यायला आली, तिनं विचारलं घरचं कुणी नाही का, तेव्हा नाही म्हटलं होतं, तेही सांगितलं. ड्रॉप्सची बाटली दाढीच्या डब्यात सापडली, सील न फोडलेली, तेही सांगितलं. "माझा तुमच्यावर राग आहे," ती म्हणाली. "अजून आहे. तो जाणार नाही, उगाच वाट बघू नका. पण अकराच्या शिकवणीला एक नर्स येणार आहे, स्कूलच्या फळ्यावर वाचलं मी. तिची दोन पोरं आहेत. तिला या गाडीत बसवून तुम्ही किती म्हणून विचारणार?"

"उद्याची तपासणी होऊ दे," मास्तर म्हणाले. "मला पाठ आहे सगळं. एक लायसन्स, बस. त्याच्याशिवाय मी कोण आहे सांग? घरी बसून काय करू? स्टुलं मोजू?"

"मोजा. पण माणसं मारू नका."

 मास्तरांचे ओठ हलायला लागले. तिला वाटलं, आता पुन्हा शिव्या सुरू होणार. पण ते तक्ता म्हणत होते, वरपासून खालपर्यंत, एक अक्षर न चुकता. शेवटची ओळ म्हणून झाली तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला आणि मालकाला लावला.

"अकराच्या नर्सला दुसऱ्या कुणाकडे द्या," ते म्हणाले. "नाही, आजच्यापुरतं नाही. माझं नाव फळ्यावरून पुसा. तुमच्याशी मी नंतर भांडेन. बाजारातल्या रस्त्याला गाडी उभी आहे, कुणाला तरी पाठवा." मालक पलीकडून काहीतरी विचारत होता. मास्तरांनी फोन ठेवला.

गाडी आता कुणीच चालवू शकत नव्हतं. तिला अजून लायसन्स नव्हतं, आणि त्यांनी चालवायची नव्हती. दोघं उतरली. मास्तरांनी सवयीनं आरसे दुमडले, दारं ओढून पाहिली, किल्ली चाकावर ठेवली. घर तासाभराच्या वाटेवर होतं. ऊन तापायला लागलं होतं. दुकानदार बघत होते.

तिनं हात पुढे केला नाही. त्यांनीही मागितला नाही. ती त्यांच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूनं, अर्धं पाऊल पुढे चालायला लागली, आणि वळून न बघता, हुकूम दिल्यासारखी एकेक शब्द टाकत गेली. खांब. पायरी. खड्डा. थांबा. चला. मास्तर बाजूला झाले, पाय उचलला, थांबले, निघाले. घरी पोचेपर्यंत एकदाही त्यांनी का विचारलं नाही.